गाडीच्या चार कोपऱ्यांचं कालवण

कळसच्या ठमाबाईचा कुत्रा चोर आहे, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या ठमाबाईला. म्हणजे माहीत तिलाही होतं, पण कबूल करील ती ठमाबाई कसली!

कुत्र्याचं नाव वकील. अंगानं काळाकुळकुळीत आणि गळ्याखाली पांढरी पट्टी, म्हणून ते नाव पडलं. आणि समोरचा गप्प बसेपर्यंत हा भुंकायचा थांबत नसे, म्हणून ते टिकलं. चोरी मात्र एकदम बिनआवाजी. शेजारच्या कचरू तात्याची पांढरी टोपी दोरीवरनं गेली ती चार दिवसांनी डाळिंबाच्या बागेत निघाली, तीही अर्धीच. सुनेच्या मोबाइलची चार्जिंगची वायर त्यानं शेवग्याच्या शेंगेसारखी चघळून टाकली. ठिबकच्या नळ्या, दुधाच्या कॅनचं रबर, पायपुसणी, काय म्हणाल ते. पाहुण्यांच्या चपला तर त्याचा खास आवडीचा विषय. जोडी कधी न्यायचा नाही. एकच न्यायचा, म्हणजे राहिलेली चप्पल पाहुण्याला घालताही येऊ नये आणि टाकवूही नये.

कुणी तक्रार घेऊन आलं की ठमाबाई पदर खोचून ओट्यावर उभी राहायची.

"माज्या वकिलानं नेली ह्याला पुरावा काय?"

चपलीचा अंगठा त्याच्या दाढेत अडकलेला दिसत असला तरी बाई हटायची नाही. "रस्त्यात घावली आसंल त्येला. बिचारा आणून द्यायलाच निघाला हुता."

आता एवढा जीव का, तर ऐका. ठमाबाईचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा दिग्विजय बारामतीच्या एमआयडीसीत, सकाळी सहाला कंपनीच्या बसनं जाणार ते अंधार पडायला परत. सून निकिता इंदापूरला एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर. दिवसभर घरात ठमाबाई आणि वकील. ठमाबाईला बोलायला कुणीतरी लागतं, आणि मधे न बोलता ऐकणारं कुणी मिळालं तर तिला सोन्याहून पिवळं. वकील समोर बसायचा, मान तिरकी करून सगळं ऐकायचा, आणि तिचं बोलणं संपल्यावर एक जांभई द्यायचा. ह्या कुत्र्याशिवाय तिचा दिवस सरत नव्हता, हे खरं. त्यात लपवायचं काय?

तर अशा ह्या घरात दिग्विजयनं नवी कोरी पांढरी गाडी आणली.

गाडी अंगणात आली, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. पेढे वाटले. शेजारची ताईबाई, म्हणजे त्या टोपीवाल्या कचरू तात्याची बायको, पेढा खात गाडीभोवती एक चक्कर मारून आली. ठमाबाई आणि ताईबाई एकाच वर्षी लग्न होऊन कळसला आलेल्या. मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरनं चाळीस-पंचेचाळीस वर्षं वाट्या इकडनं तिकडं आणि गावातल्या बातम्या तिकडनं इकडं चाललेल्या.

"गाडी लई झाक हाय गं," ताईबाई म्हणाली. "पर मागनं जरा बुटकी वाटती."

एवढंच म्हणाली. पण ते ठमाबाईच्या काळजात जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं बघून ठमाबाईनं आपली माहेरची रीत काढली. माहेर पळसदेवचं. उजनीच्या पाण्यावर तिच्या बापाची होडी होती. होडीला कुणाची नजर लागू नये म्हणून तिची आई भाकरीचा तुकडा माशाच्या कालवणात बुडवायची, होडीला चार ठिकाणी टेकवायची, तीनदा ओवाळायची आणि पाण्यात भिरकावून द्यायची. ती होडी बापाच्या हयातीत एकदाही बुडाली नाही. मग गाडीला तेच करायला काय हरकत? दिग्विजयला हे पटणार नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून तर दुपार निवडली.

भाऊ भिमानं पळसदेवहून चिलापी मासळी धाडलीच होती. लालभडक रश्शात तुकडा बुडवला, गाडीचं कापड वर केलं, मागचे दोन कोपरे, पुढचे दोन कोपरे, बोटांनी चांगलं चोळून टेकवलं. ओवाळलं. आता अंगणात पाणी कुठलं? तिनं तुकडा मातीतच टाकला. पण मातीला लागेपर्यंत तरी तो कुठं शिल्लक राहिला! वकिलानं वरच्या वर गट्ट केला.

"खा बाबा," ठमाबाई म्हणाली, "समदी नजर तुज्या पोटात जाऊ दे."

आठवड्यात गाडीचा मागचा मडफ्लॅप, म्हणजे चाकामागचं लोंबतं रबर, गेला.

मागचाच! ठमाबाईनं कपाळावर हात मारला. मागनं बुटकी म्हणाली होती ना ती? झालं. पिठाच्या गिरणीवर दळणाच्या रांगेत ठमाबाईनं आठ बायांना सांगितलं, की ताईबाईच्या नजरेनं दगड फुटंल, गाडीचं काय घेऊन बसलात. दळण घरी पोचायच्या आत ही बातमी ताईबाईला पोचली. ताईबाई भांडली नाही की रडली नाही. त्या दिवसापास्नं तिनं भिंतीकडं येणं सोडलं, आणि ठमाबाईनं भिंतीकडं बघणं सोडलं. दोघींचं बोलणं बंद.

आणि इकडं ठमाबाई दर आठवड्याला ओवाळत राहिली, तरी गाडी थोडी थोडी कमी व्हायला लागली.

दुसरा मडफ्लॅप गेला. मग बंपरमधल्या सेन्सरची वायर तुटली. तेव्हापास्नं गाडी मागं घ्यायला लागली की ती किंचाळायला लागायची. बारामतीत एका लग्नाला दिग्विजयनं कार्यालयासमोर गाडी मागं घेतली, तर सनईवाले वाजवायचे थांबले. मग पुढची नंबरप्लेट गेली. इंदापूरच्या रस्त्यावर हवालदारानं अडवलं, तेव्हा दिग्विजय खरं तेच म्हणाला, "साहेब, कुत्र्यानं नेली." हवालदारानं सोबतच्याला हाक मारून तेच वाक्य पुन्हा एकदा वदवून घेतलं, आणि दोघं पोट धरून हसले.

बारामतीचा सिद्धू मेकॅनिक गाडीखाली झोपून बाहेर आला आणि म्हणाला, "दादा, उंदीर-घूस काय न्हाय. दात बगा की. कुत्रं हाय, आन् घरचंच हाय. निवांत बसून खाल्लंय त्यानं."

घरी आल्यावर दिग्विजयनं हे सांगितलं, तशी ठमाबाईनं वकिलाला ओढत आणून त्याचा जबडा फाकवला.

"बग. मागची दाढ किडलीय त्येची. भाकरी भिजवून घालते मी त्येला. ह्यो खाईल तुजं बंपर?"

वकिलानं शेपटी हलवली. त्याच्या जिभेला काळं रबर चिकटलं होतं.

"आत्या, ते काय आहे मग?" निकितानं विचारलं.

"खिशमीस खाल्ली आसंल."

बोलायला ती असं बोलली खरी, पण आतनं घाबरली. नजर भलतीच जहर दिसतेय, आठवड्यातनं एकदा ओवाळून भागायचं नाही, असं तिनं ठरवलं. आठवड्याचं दिवसाआड झालं, दिवसाआडचं रोज झालं. चिलापी नसंल त्या दिवशी सुकटीचा रस्सा. हात सैल सोडून चारी कोपऱ्यांना लावायचा, ओवाळायचं, टाकायचं. वकील रोज जेवायच्या वेळेला हजर. जितकी ती ओवाळायची तितकी गाडी झडायची, आणि जितकी गाडी झडायची तितकी ती जास्त ओवाळायची. बाईनं चार महिने एवढ्या नेमानं देवपूजाही केली नसेल!

शेवटी एका बुधवारी दिग्विजयचा पारा चढला. नवा बसवलेला सेन्सर तिसऱ्यांदा गेला होता.

"आई, बास. पणदऱ्याला माज्या मित्राचा गोठा हाय. वीस म्हशी, चांगली माणसं. साखळीला बांधून ठिवत्याल, दोन टाइम दूध-भाकरी घालत्याल. रविवारी वकील तिकडं जाणार."

"साखळीला?" ठमाबाईचा आवाजच बसला. "आरं, त्येच्या गळ्यात कधी दोरी बांदली न्हाय आपण."

"म्हणून तर ही वेळ आली."

"तू आदी त्या ताईबाईची नजर उतरव, मंग..."

"नजरेला दात असत्यात व्हय गं आई?" दिग्विजय ओरडला. "रबरावर दात उमटल्यात, दात!"

त्या रात्री ठमाबाई जेवली नाही.

शुक्रवारी भिमाकडनं ताजी चिलापी आली. ठमाबाईनं ठरवलं, आज शेवटचं आणि जोरात ओवाळायचं, की रविवारच्या आत नजर गेलीच पाहिजे. मोठा टोप भरून कालवण केलं. तुकडा बुडवला आणि गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला गेली. बघते तर वकील तिच्या आधीच तिथं बसलेला. तिनं तुकडा टेकवला. वकील उठला आणि उजव्या कोपऱ्याला जाऊन बसला. ती तिकडं गेली, तसा हा पुढच्या कोपऱ्याला. अगदी क्रमानं, एक कोपरा न चुकता. ठमाबाई मधेच थांबली. हातातला तुकडा तसाच धरून उभी राहिली, टाकला नाही.

वकिलानं थोडा वेळ वाट पाहिली. तिच्याकडं पाहिलं, तुकड्याकडं पाहिलं. मग उशीर होतोय म्हटल्यावर मागं गेला, कालवण लावलेला नवा मडफ्लॅप तोंडात धरला आणि पुढचे दोन्ही पाय रोवून ओढायला लागला.

"आगं बया बया बया!" ठमाबाई मटकन खाली बसली.

डोळ्यांवरची झापड एका क्षणात गेली. मडफ्लॅपला कालवण. बंपरला कालवण. नंबरप्लेटला कालवण. जिथं जिथं तिची बोटं लागली, तिथं तिथं ह्याचे दात लागले. होडीखाली पाणी असतं, ते सगळं धुऊन नेतं. गाडीखाली वकील होता. चार महिने तिनं त्याला रोज ताट वाढलं होतं आणि वर गावभर ताईबाईची नजर, ताईबाईची नजर करत फिरली होती. तिला आधी हसू आलं, मग लाज वाटली, आणि मग रविवार आठवला.

आता सांगून टाकावं, तर सांगायचं कसं? पोरगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, ते एक वेळ सोसलं असतं. पण मग ताईबाईपुढं जाऊन म्हणावं लागणार, की बाई, तुझं काही नव्हतं, माझंच चुकलं. "माझं चुकलं" हे शब्द ठमाबाईच्या तोंडातनं उभ्या जन्मात निघाले नव्हते. नवऱ्यापुढं निघाले नाहीत, सासूपुढं निघाले नाहीत. ते ताईबाईपुढं काढायचे? छे! त्यापेक्षा कालवणाचा वासच काढून टाकला, म्हणजे कुत्रं गाडीकडं फिरकणार नाही, आणि दोन दिवसांत दिग्विजयचा रागही उतरंल. असा तिनं हिशेब केला.

आणि वास काढायचा कसा, हे का तिला कुणी शिकवायला पाहिजे? माशाचं भांडं घासतात तसंच! तिनं चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि गाडीचे चारी कोपरे असे घासले, असे घासले, की दंड भरून आले. वासाचं नाव राहिलं नाही. पाणी मारलं, पदरानं पुसलं. मग बघते तर पांढऱ्याशुभ्र गाडीचे चारी कोपरे राखाडी, आणि त्यावर काथ्याचे ओरखडेच ओरखडे. ठमाबाईनं गुपचूप गाडीवर कापड ओढलं आणि घरात जाऊन देवापुढं बसली.

शनिवारी संध्याकाळी दिग्विजयनं कापड काढलं.

"आता नखं बी मारायला लागलं!" त्याला रडायचंच बाकी होतं. "निकिता, हे बग, चारी बाजूंनी वरबाडलंय. आता मात्र एक दिवस ठिवत न्हाय. उद्या सकाळी आठलाच निघतो."

ठमाबाईच्या ओठांपर्यंत आलं आणि परत खाली गेलं. वाचवायला गेली आणि कुत्र्याचा गुन्हा दुप्पट करून बसली. तरी जीभ उचलली नाही. स्वतःचाच राग आला तिला.

रविवारी सकाळी दिग्विजयनं वकिलाला उचलून गाडीत मागच्या सीटवर ठेवलं आणि दार लावलं. वाटलं होतं कुत्रं केकाटंल, पण कसलं काय! वकील जाम खूश. जन्मात पहिल्यांदा गाडीच्या आत बसायला मिळालेलं. काचेला नाक लावून तो ठमाबाईकडं बघत होता आणि शेपटीनं सीट बडवत होता. आपण फिरायला चाललो, आणि म्हातारी पण येणार, असंच त्याला वाटत असणार. ठमाबाईला ते बघवेना. गल्लीतली चार माणसं निरोपाला जमली होती, त्यातल्या दोघांच्या पायांत जुळत नसलेल्या चपला होत्या. भिंतीपलीकडं ताईबाईही येऊन उभी राहिली.

दिग्विजय पुढचं दार उघडून बसायला लागला, तशी ठमाबाई जाऊन बॉनेटसमोर उभी राहिली.

"थांब."

"आई, सरक बाजूला."

"न्हाय सरकणार. त्या कुत्र्यानं काय केलं न्हाय. म्हंजी केलंय, पर मी करायला लावलं म्हणून केलंय." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. पळसदेव, होडी, चिलापी, चार कोपरे, रोजची दुपार. "आन् ती नखं बी त्येची न्हाईत. मी राखंनं घासली तुजी गाडी."

"राखेनं?" निकिता किंचाळली.

"व्हय, राखंनं. काथ्या घिऊन." ठमाबाईनं भिंतीकडं तोंड केलं. चार महिन्यांत पहिल्यांदा केलं. आवाज तिनं मुद्दाम मोठा काढला, गिरणीवर काढला होता त्याच्यापेक्षा मोठा. "आन् ताईबाईची नजर-बिजर कायबी न्हवती. मी गावभर खोटं बोलले. माजं चुकलं."

ताईबाईनं पदर सारखा केला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "रोज दुपारी बघत हुते की मी. कालवण लावतीय, ओवाळतीय, कुत्रं मागनं चाटतंय. परवा घासतानाबी बघितलं."

"मंग सांगितलं का न्हाईस, भवाने?"

"कुणाला सांगू? तू बोलत हुतीस व्हय माज्यासंगं?"

दिग्विजय डोकं धरून बॉनेटवर टेकला होता. मग तो हसायला लागला, सून हसायला लागली, जुळत नसलेल्या चपलांवाले दोघंही हसायला लागले.

"बरं," डोळे पुसत दिग्विजय म्हणाला, "कालवण बंद झालं की कुत्रं बी सुधरंल म्हणायचं. ऱ्हाऊ दे मग." आणि त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं.

वकील उडी मारून बाहेर आला. त्याच्या तोंडात मागच्या सीटचा पट्टा होता, हातभर लांब, आणि तो आता गाडीला जोडलेला नव्हता.

दिग्विजयनं आत वाकून सीटकडं पाहिलं, मग सावकाश सरळ झाला.

"आई," तो म्हणाला, "सीटबेल्टला बी कालवण लावलं हुतंस का?"

गाडीच्या आत ठमाबाईनं कधी बोटसुद्धा घातलं नव्हतं. एरवी तिनं पटकन काहीतरी ठोकून दिलं असतं, पण नुकतंच चारचौघांत एवढं खरं बोलून झालं होतं, की त्या घटकेला तिला एकही खोटं सुचेना. वकील तिच्या पायाशी येऊन बसला आणि पट्टा तिच्या पायावर ठेवला. संपलं, तिच्या मनात आलं. आता हा जाणार.

"लावलं की," भिंतीपलीकडनं आवाज आला.

सगळ्यांनी मान वळवली. ताईबाई दोन्ही हात भिंतीवर टेकून उभी होती.

"गेल्या आयतवारी तू गाडी धूत हुतास, दिग्विजय. दारं सताड उघडी टाकून फोनवर बोलत बाहेर गेलास. तवा ही वाटी घिऊन आली आन् आतल्या पट्ट्याला बी लावलं. चांगलं चोळून लावलं. मी माज्या डोळ्यानं बघितलंय."

दिग्विजयनं तिच्याकडं निरखून पाहिलं. चार महिने जिला गावभर बदनाम केलं, ती बाई आईसाठी खोटं कशाला बोलेल? त्याला पटलं. त्यानं एक सुस्कारा सोडला, पट्टा उचलला, सिद्धूला फोन लावला आणि बोलत बोलत घरात गेला. निकिता मागोमाग गेली.

ठमाबाई भिंतीपाशी आली. तिला बरंच काही म्हणायचं होतं, पण डोळे भरून आले.

"आयतवारी तर मी पळसदेवला हुते गं," ती कशीबशी म्हणाली.

"ठावं हाय मला," ताईबाई म्हणाली. मग तिनं भिंतीवर ठेवलेली रिकामी वाटी पुढं सरकवली. "चार महिनं गाडीला चारलंस. आता जरा हिकडं दे."

ठमाबाईनं वाटी उचलली आणि डोळ्यांना पदर लावत चुलीकडं गेली.